देवाला मारलेला काटा

प्रेमराजचं वजन एकशे चार किलो आहे हे गुपित अक्काने मारुतीला सांगून टाकलं आणि तिथून सगळा घोटाळा सुरू झाला.

झालं असं की ऑगस्टमध्ये प्रेमराजला डेंग्यू झाला. प्लेटलेट इतक्या उतरल्या की जळगावच्या डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, कामिनीला, बाजूला घेऊन हळू आवाजात बोलायला सुरुवात केली. त्याची थोरली बहीण, यशोदाबाई, म्हणजे अक्का, रावेरकडच्या आपल्या गावाहून पहिल्या एस.टी.ने आली. दवाखान्यात तिने ना औषधाची चौकशी केली, ना बिलाची. नर्सला एवढंच विचारलं, "याचं वजन कितीक आहे वं बाई?" नर्सने कागद बघून सांगितलं. अक्का तशीच उलट पावली गावी गेली, मारुतीसमोर उभी राहिली आणि बोलून आली, की माझा भाऊ होता तेवढा परत दे, तुझ्या दारात त्याच्या वजनाइतक्या केळ्यांची तुळा करीन.

प्रेमराज बरा झाला. ही बातमी त्याला घरी आल्यावर कळली आणि त्याला पुन्हा ताप आल्यासारखं वाटलं. कारण तुळा काय असते हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं होतं. देवळासमोरच्या निंबाला मोठा तराजू टांगायचा. एका पारड्यात माणूस मांडी घालून बसणार, दुसऱ्यात केळी चढणार. बायाबापड्या, शाळेची पोरं, सगळं गाव भोवती उभं. आणि शेवटी आकडा माइकवरून जाहीर करणार कोण, तर तोताराम दाजी, अक्काचे यजमान. या दाजींनी केळीच्या व्यापाऱ्यांशी वजनावरून भांडण्यात अर्धं आयुष्य घातलं होतं. दाजी अर्धा किलोही सोडणार नव्हते.

"एकशे चार," प्रेमराज स्वतःशीच म्हणाला. "माइकवर."

त्याने अक्काला फोन लावला आणि दसऱ्याला ठरलेली तुळा दिवाळीनंतर ठेवायला सांगितली. कंपनीत तपासणी आहे म्हणाला. तो ठिबकच्या नळ्या बनवणाऱ्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचा आणि तिथे तपासणी कधीही असू शकत होती. अक्का फोनवर क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "बरं, तुले जमीन तव्हा." त्या गप्प राहण्यात काय होतं हे ऐकायची त्याला गरज वाटली नाही. त्याच्या डोक्यात त्या वेळी फक्त कोशिंबीर होती.

सकाळी मेथीचं पाणी, दुपारी काकडी, संध्याकाळी मुगाचं वरण असं त्याने पथ्य सुरू केलं आणि आश्चर्य म्हणजे वजन भराभर उतरू लागलं. शर्ट ढगळ झाले. बाथरूमबाहेरच्या काट्यावर तो दिवसातून इतक्यांदा चढायचा, की कामिनी म्हणाली, काट्याला तरी विसावा द्या. मुलगी ऋतिका धुळ्याला मेडिकलच्या पहिल्या वर्षात शिकत होती. तिने व्हिडिओ कॉलवर बापाचे गाल पाहिले आणि ती खूश व्हायच्या ऐवजी डॉक्टरच झाली.

"पप्पा, इतक्या झपाट्यानं नका उतरवू. लेप्टिन पडेल."

"पडू दे. काय पडायचं ते पडू दे."

"ऐका तरी. आपली चरबी म्हणजे नुसतं ओझं नसतं. ती लेप्टिन नावाचं एक रसायन तयार करते. ते रक्तातून मेंदूला निरोप देतं, की साठा आहे, आता खाणं थांबव. आपल्या गच्चीवरच्या टाकीला आईनं तो बोलणारा अलार्म बसवलाय ना, तसं."

तो अलार्म प्रेमराजला चांगला ठाऊक होता. दोन-तीन दिवसांआड नळ यायचा, मोटार लागायची आणि टाकी काठोकाठ झाली की एक बाई गोड आवाजात म्हणायची, 'टाकी भरली आहे, कृपया मोटार बंद करा.'

"मग माझ्याकडं चरबी रग्गड आहे," प्रेमराज म्हणाला. "म्हणजे अलार्मही रग्गड पाहिजे. मग माझी भूक का थांबत नव्हती?"

"तोच तर घोळ आहे. अलार्म दिवसरात्र वाजत राहिला तर तुम्ही काय करता?"

"ऐकू येईनासा होतो."

"मेंदूचंही तसंच होतं. लेप्टिन भरपूर असतं, पण मेंदू दाद देत नाही. आणि आता तुम्ही चरबी एकदम उतरवली, की लेप्टिनही एकदम उतरणार. मेंदूला वाटणार, दुष्काळ पडला. मग तो भूक वाढवणार, अंगाचा खर्च कमी करणार. थंडी वाजेल, गळून गेल्यासारखं होईल, आणि समोर जे दिसेल ते खावंसं वाटेल. मेंदूला तुमची तुळा वगैरे कळत नाही. त्याला एवढंच कळतं, की माणूस मरता कामा नये."

"त्याची गोळी मिळत असेल ना? लेप्टिनची?"

"इंजेक्शन आहे, पण ज्यांच्या अंगात ते तयारच होत नाही अशा थोड्या रुग्णांसाठी. तुमच्यासाठी एकच उपाय, पप्पा. हळूहळू करा आणि पोटभर झोपा."

प्रेमराजने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून मुगाचं वरणही बंद केलं.

भाऊबीजेला तो अक्काकडे गेला. तिने ओवाळताना त्याच्याकडे पाहिलं आणि तबक हातातच राहिलं.

"वाळला रे पेमा. कामून असा?"

इथे खरं सांगायला काहीच हरकत नव्हती. पण आपण लोकांच्या हसण्याला भिऊन उपाशी राहतो, हे बहिणीला कोण सांगणार? तो म्हणाला, "डेंग्यूचा अशक्तपणा आहे, अक्का. अजून भरून यायचंय." अक्काने तबक खाली ठेवलं आणि मारुतीच्या देवळाकडे नजर टाकली.

तिचाही चेहरा उतरला होता. गळ्याची हाडं दिसत होती, पाटल्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकत होत्या. प्रेमराजने ते पाहिलं, नाही असं नाही. पण त्या दिवसांत त्याला जगातली सगळी माणसं दोनच प्रकारची दिसायची, उतरलेली आणि न उतरलेली. तो हसून म्हणाला, "अक्का, तू तर मस्त बारीक झालीस. काय करतेस, आम्हाला पण सांग की."

"काही नही रे भो. कामाचं शरीर."

संध्याकाळी तिने सगळ्यांना वाढलं. "तू बस ना," असं तो एकदाच म्हणाला. "मी मांगून जेवीन," ती म्हणाली, आणि त्याला ते खरं वाटलं. निघताना त्याने तुळा संक्रांतीवर ढकलली. त्याला अजून थोडं उतरायचं होतं.

मग हिवाळा आला. आणि जळगावात हिवाळा येणं म्हणजे वांग्याच्या भरताला तोंड द्यावं लागणं. संध्याकाळी गल्लीगल्लीतून तुराट्यांवर भाजलेल्या वांग्यांचा वास सुटला. प्रेमराजला थंडी वाजू लागली, स्टोअरमध्ये बसल्या बसल्या डुलक्या येऊ लागल्या, आणि ऋतिकाने सांगितलेला तो दुष्काळ एका शनिवारी त्याच्या पोटात येऊन बसला. कारखान्यातल्या मंडळींनी शेतात भरीत पार्टी ठेवली होती. तो नुसता बसायला म्हणून गेला. परत आला तेव्हा ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या किती झाल्या हे त्याला सांगता येईना.

त्यानंतर त्याचा हात त्याच्या ताब्यात राहिला नाही. तो पोटभर जेवायचा, हात धुवायचा, आणि हात पुसता पुसता पुन्हा स्वयंपाकघरात असायचा. कामिनी मूळची धुळ्याची. एरवी ती नीट शहरी बोलायची, पण डोकं फिरलं की तिचं माहेर तोंडात यायचं. तिने शेवेचा डबा उघडला आणि ओरडली, "हाऊ डबा बठ्ठा खाली कसा शे?"

"उंदीर असतील," प्रेमराज म्हणाला.

"मोठा दिसस उंदीर. चष्मा लावस का तो?"

वजनाचा काटा त्याने स्वतःच माळ्यावर टाकून दिला. आकडा बघितला नाही तर तो वाढत नाही, असा त्याचा काहीतरी हिशेब होता. संक्रांतीची तुळाही त्याने पुढे ढकलली. या वेळी अक्काला फोनवर "बरं" म्हणायला फार वेळ लागला. शेवटी दाजींनीच फोन घेतला आणि फेब्रुवारीतला शनिवार ठरवून टाकला. "आता देव थांबनार नही," ते म्हणाले.

आदल्या दिवशी प्रेमराज आणि कामिनी गावी पोचले. ओट्यावर केळीचे घड रचलेले होते. दाजींनी ते आपल्या हाताने मोजून, बरोबर एकशे चार किलो करून ठेवले होते. प्रेमराज मागच्या दारी हात धुवत असताना त्याला आतलं बोलणं ऐकू आलं. अक्का शेजारच्या बेबाबाईला सांगत होती.

"मी देवाले एकशे चार बोलली व्हती. व्हता तेवढा परत मांगला. उद्या पारडं कमी भरलं, तं देवानं माहा भाऊ पुरा देल्हा नही असंच व्हईन नं."

"असं नसते वं."

"असंच असते. त्याचा अशक्तपना काही जाऊ नही राह्यला."

प्रेमराज तिथेच ओल्या हातांनी उभा राहिला. हा अशक्तपणा त्याचाच लाडका शोध होता. आपण जास्तीत जास्त नव्वद भरू असा त्याचा अंदाज होता. उद्या चौदा-पंधरा किलो केळी ओट्यावर उरणार, अक्का त्यांच्याकडे बघणार, आणि मनातल्या मनात भावाला थोडा मेलेला धरणार. त्याला स्वतःची लाज वाटली. पण लाज वाटली की माणूस शहाणपणाने वागतो असं थोडंच आहे? त्याची नजर दाजींच्या खोलीत गेली. तिथे फळीवर दाजींची लोखंडी वजनं ओळीने मांडलेली होती. पाच-पाच किलोची, सरकारी शिक्क्याची.

सकाळी त्याने त्यातली तीन उचलली, पंच्यात गुंडाळली, पोटावर घट्ट बांधली आणि वरून नवं धोतर आणि सैल कुर्ता चढवला. आरशात पाहिलं तर जुना प्रेमराज परत आलेला. कामिनीने विचारलं, "असे का चालताय?" तो म्हणाला, "धोतराची सवय नाही."

देवळासमोर सगळं गाव जमलं होतं. पण तुळा सुरू होईना, कारण दाजींना त्यांची वजनं सापडत नव्हती.

"तराजू खरा आहे का नही हे पाह्यल्याशिवाय मी कोनाले बसू देनार नही," दाजी म्हणाले. "माही तीन मापं कोनं नेली?"

"दाजी, देवाच्या कामात कशाला शंका," प्रेमराज म्हणाला.

"देवाच्या कामात तं जास्त पाह्यजे. व्यापारी काटा मारते तेव्हा आपन बोंबलतो नं?"

घर शोधलं, गोठा शोधला, पंपाची खोली शोधली. शोधायला प्रेमराजलाही जावं लागलं. वाकता येत नसल्यामुळे तो नुसता उभ्याउभ्या इकडेतिकडे बघत होता, आणि पंच्याची गाठ हळूहळू खाली सरकत होती. शेवटी गुरव कंटाळून म्हणाला, दोन विटा घ्या, आलटूनपालटून ठेवा आणि तराजू पाहा. दाजींनी कुरकुरत ते मान्य केलं.

प्रेमराज पारड्यात बसला. फांदी करकरली. दुसऱ्या पारड्यात घड चढू लागले. ओट्यावरची सगळी केळी संपली, तरी प्रेमराज जमिनीवरून हलला नाही.

गावात कुजबुज झाली. प्रेमराजला दरदरून घाम फुटला. आपण नव्वदचे नाही, बरेच पुढे गेलो आहोत, हे त्याला पारड्यात बसल्या बसल्या उमगलं. पण अक्काचा चेहरा मात्र उजळला होता. गेल्या सहा महिन्यांत तो तसा दिसला नव्हता.

"देवानं वरतून देल्हा," ती म्हणाली. "आना अजून. जाय रे, घड आना."

व्यापाऱ्यासाठी कापून बांधाला ठेवलेले घड पळवत आणले गेले. एक चढला, दुसरा चढला. दुसऱ्याला पारडं डुललं आणि प्रेमराज हळूच वर उचलला गेला. लोकांनी मारुतीचा जयजयकार केला. अक्काने हात जोडले. प्रेमराजनेही जोडले, आणि जोडण्यासाठी पोट आत घेतलं.

गाठ सुटली. पहिलं वजन मांडीवर आपटून पारड्याबाहेर खाली फरशीवर पडलं आणि खणकन वाजलं. दुसरं त्यामागून. तिसरं पकडायला तो वाकला आणि तेही गेलं. पंधरा किलो लोखंड गेल्याबरोबर केळ्यांचं पारडं धाडकन खाली बसलं आणि प्रेमराज फांदीला भिडला. वर निंबाच्या पानांत डोकं, खाली सुटलेला पंचा लोंबतोय, अशा स्थितीत तो लटकत राहिला.

कुणी हसलंही नाही. दाजींनी एक वजन उचललं, शिक्का निरखून पाहिला आणि माइक बंद करायचा राहिलाय हे विसरून म्हणाले, "व्यापाऱ्यानं आमाले काटा मारला, ते समजलं. देवाले काटा मारनारा मी आज पह्यल्यांदा पाह्यला. आन तो बी माह्याच घरचा."

मग मात्र गाव हसलं. इतकं, की माणसं एकमेकांना धरून हसली. ज्या हसण्याला भिऊन प्रेमराजने हे सगळं केलं होतं, ते हसणं आता त्याच्या पायाखाली चाललं होतं. तो वरून अक्काला शोधत होता. अक्का हसत नव्हती. ती निंबाच्या पारावर टेकली होती आणि बेबाबाई तिला वारा घालत होती.

"चक्कर आली," बेबाबाई म्हणाली. "येईन नही तं काय? सहा महिने झाले, एकाच टाइमाले जेवते. तुळा व्हईस्तोवर रातचं जेवन सोडलं व्हतं तिनं. आन हा आपला पुढं ढकले, पुढं ढकले."

प्रेमराजला हे सगळं वरून, पानांतून ऐकावं लागलं. खाली उतरताही येईना. दसरा, दिवाळी, संक्रांत, एकेक करून त्याला आठवलं. फोनवरचं ते गप्प राहणं आठवलं. 'मी मांगून जेवीन' आठवलं. आणि 'मस्त बारीक झालीस, आम्हाला पण सांग की' हे आपण हसत हसत म्हणालो होतो, हे आठवल्यावर त्याने डोळे मिटून घेतले. आयुष्यात इतकं लाजिरवाणं तो काही बोलला नव्हता.

"दाजी, मला उतरवा," तो म्हणाला.

उतरल्यावर तो अक्काच्या पायाशी बसला आणि सगळ्या गावासमोर त्याने खरं ते सांगितलं. अशक्तपणा नव्हता, माइकची भीती होती. अक्काने ऐकून घेतलं.

"म्हंजे तुले काही झालं नही?"

"काही नाही, अक्का."

"तं मंग चांगलंच झालं नं," ती म्हणाली. तिला राग आला असता तर बरं झालं असतं, असं प्रेमराजला वाटलं. तिला नुसतं हायसं वाटलं होतं.

दाजींनी आपल्या वजनांनी तराजू पुन्हा तपासला, प्रेमराजला पुन्हा बसवलं, काही घड उतरवले आणि माइकवर जाहीर केलं, "प्रेमराज भाऊ, अठ्ठ्यान्नव किलो. खरे." 'खरे' या शब्दावर त्यांनी मुद्दाम जोर दिला. प्रेमराजला आकड्याचं काहीच वाटलं नाही. उरलेली केळीही अक्काने त्याच पारड्यात ठेवायला लावली. देवाशी घासाघीस नको, म्हणाली.

संध्याकाळी दिवेलागणीला अक्का सहा महिन्यांनी पहिल्यांदा सगळ्यांबरोबर ताटावर बसली. कामिनीने भाकरी केल्या, भरीत केलं. वाढायला प्रेमराज उभा राहिला. आधी तू बस, असं अक्का म्हणत राहिली, आणि शेवटी तिच्या शेजारी त्यालाही बसावं लागलं.

दाजींना कधी नव्हे ते जुनं काहीतरी आठवलं. "बहात्तरच्या दुष्काळात हेच," ते म्हणाले. "मायबाप खडी फोडाले जायेत, आन ही एवढीशी पोरगी तुले कडेवर घेऊन सुकडीच्या लायनीत उभी राहे. तुमची माय सांगे. हिच्या वाट्याची अर्धी सुकडी तुह्याच पोटात जाये."

"काही बी सांगतात," अक्का म्हणाली.

प्रेमराजला त्यातलं काही आठवणं शक्य नव्हतं. तो तेव्हा दोन वर्षांचा होता. पण ऋतिका म्हणाली होती तो मेंदू कुठे बसलेला असतो, हे त्याला आता कळलं. माणूस जरा उतरला की ज्याला दुष्काळच दिसतो, भरल्या ताटावरही ज्याची खात्री पटत नाही, तो त्याच्या एकट्याच्या डोक्यात नव्हता. तो इथे शेजारी, पाटल्या मागे सारून जेवत होता.

अक्काने अर्धी भाकरी खाल्ली आणि हात थांबवला.

"खा ना, अक्का."

"पुरे रे. भूकच मोडली आता रातची." असं म्हणून तिने उरलेली अर्धी भाकरी सवयीने उचलली आणि त्याच्या ताटात ठेवली.

प्रेमराजचं जेवण झालेलं होतं. आणि गंमत म्हणजे, कित्येक महिन्यांनी, कदाचित कित्येक वर्षांनी, आतून कुणीतरी अगदी स्पष्ट, गोड आवाजात सांगत होतं, की टाकी भरली आहे. ऐकू येत नाही असं म्हणायची सोयच नव्हती. अक्का त्याच्या ताटाकडे बघत होती.

त्याने भाकरीचा तुकडा मोडला, भरताला लावला आणि ती अर्धी भाकरी सावकाश संपवली.